चौथी गाडी

पांढुर्णा, ७ जुलै २०२४

सुमेध,

सप्रेम जय भीम. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितो. पत्र काही वाजत नाही, त्यामुळे ते कापता येत नाही. फार तर फाडशील.

कारण भांडणाचं नाही, कामाचं आहे. मी गाडी घेऊन राहिलो. नगरपालिकेच्या पंपावर अख्खी नोकरी सायकलने केली आणि आता बुढ्याला काय हौस आली, असं तू म्हणशील. आली हौस. तुझ्या आईची कंबर धरली आहे. बसमध्ये तिला बसवत नाही आणि पॅसेंजरमध्ये जागा मिळत नाही. तुमच्या कारखान्यात गाड्यांच्या सीटाच बनतात, तेव्हा तुझ्याशिवाय विचारायचं कोणाला?

मला तीन गोष्टी कळायला पाहिजेत. गाडी तेल किती पिते, आतलं माणूस किती हादरते, आणि आत जागा किती आहे. जागा म्हणजे बसायला नाही, आडवं व्हायला. गाड्यांची नावं सांगू नको, माझ्या लक्षात राहत नाहीत. मी त्यांना रंगावरून ओळखतो.

पहिली पाहिली ती राखाडी, आपल्या गल्लीतल्या पुंडलिकराव मास्तरांची. गॅसवर चालते. मास्तर तिच्या अ‍ॅव्हरेजचं कौतुक असं करतात, की पोरगी बोर्डात पहिली आली असावी. मी म्हटलं, मास्तर, तोंडी परीक्षा पुरे, आता प्रॅक्टिकल घेऊ. पितळी तांब्या काठोकाठ भरला, मागच्या सीटवर दोन उशांच्या मधे ठेवला आणि सौंसरपर्यंत नेला. पंपावर मोटर किती थरथरते ते आम्ही असंच पाहत होतो, बाजूला पाण्याचा पेला ठेवून. जामसांवलीच्या फाट्यावर हनुमानाच्या देवळाची शनिवारची गर्दी आणि वरून ब्रेकर. अर्धा तांब्या तिथेच सांडला. मास्तर सीट पुसत बसले. त्यातही डिक्कीत गॅसची टाकी बसवलेली. मी विचारलं, मग गादी कुठे ठेवायची, आणि बादली?

"दादाराव, माणसाईची गाडी हाय. तुम्ही गादी नि बादली कायले नेऊन राहिले?"

मी म्हटलं, हौस.

दुसरी लाल. संत्र्याचा व्यापार करणाऱ्या वैभवची. ही मऊ आहे, तांब्यातलं पाणी जेमतेम काठावरून गेलं. मागच्या सीटवर मी स्वतः आडवा होऊन पाहिलं. तुझी आई माझ्या कानाएवढी येते, त्या हिशोबाने तिचे गुडघे थोडे दुमडावे लागतील. वैभव आरशातून माझ्याकडे पाहत होता. "काका, तब्येत तं बरी हाय ना तुमची?" पण ती इतकी ठेंगणी आहे की बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं. आणि तेल भारी पिते. रोज नागपूर करायचं तर परवडणार नाही. रोज म्हणजे कधी कधी.

तुझ्या आईला विचारलं तर ती म्हणते, "सुमेधची गाडी बरी होती सगळ्यात. पाय लांब करता येत होते." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तुझी गाडी या तुलनेत नाही. का नाही ते तुला माहीत आहे. दीक्षाभूमीवरून मी हाताने आणून दिलेलं 'जय भीम' तू मागच्या काचेवरून खरडून टाकलंस, सोसायटीतले लोक विचारतात म्हणून. तिगावला भिवाजी मामाच्या दारात मी म्हटलं होतं की तुझ्या गाडीत बसणार नाही, आणि स्टेशनवर चालत जाऊन पॅसेंजरने घरी आलो होतो. त्यावर मी अजून कायम आहे. पण सीटांचं तुला कळते, तेवढं कळव.

तुझा बाप,
दादाराव


पांढुर्णा, २८ जुलै २०२४

सुमेध,

सप्रेम जय भीम. तुझा निरोप पूजाने सौंसरहून फोनवर वाचून दाखवला. 'उंच टपाची घ्या, आईला वाकावं लागणार नाही. पुढची सीट पूर्ण मागे झोपते का बघा.' बस, एवढंच. बापाचं नाव नाही, खुशाली नाही. तुझ्या बहिणीला म्हटलं, तुझा भाऊ कंजूष झाला. पण शब्द कामाचे होते, तेव्हा आम्ही नागपूरला शोरूममध्ये जाऊन पांढरी पाहिली.

तिथे मोनाली नावाची पोरगी होती, चुणचुणीत. ती मला टीव्हीसारखा पडदा दाखवायला लागली, त्यावर गाणी कशी लागतात, फोन कसा जोडतात. मी म्हटलं, बाई, गाणं राहू दे, सीट झोपव. तिने खटका ओढला. सीट मागे गेली ती थेट मागच्या सीटला टेकली, बाजेसारखी सपाट. तुझ्या आईला तिच्यावर निजवलं. दार मोठं उघडते, सीट कंबरेच्या उंचीवर, त्यामुळे चढवताना तिने एकदाही दात आवळले नाहीत. डोळे मिटून ती बराच वेळ पडून राहिली. मोनालीला काळजी वाटली. "काकू, आराम वाटतो ना?"

"हाव बाई. इथंच राहू दे मले आता."

सगळे हसले. मीही हसलो.

अ‍ॅव्हरेजमध्ये ही राखाडीच्या मागे आहे आणि मऊपणात लालच्या मागे. तांब्या अर्धा नाही, पण पाऊण राहिला. जागेत मात्र दोघींच्या पुढे. उंच टप म्हणजे वारा लागून तेल जास्त जळते असं मास्तर म्हणतात. जळू दे. मास्तरांची गाडी माणसाला नेते, आपल्याला बाज न्यायची आहे.

मी चालवायला शिकायला गेलो होतो. शिकवणाऱ्याने माझा मोतीबिंदू पाहून हातच जोडले. आता माझा पुतण्या, आपला नितीन चालवणार आहे.

आईच्या कंबरेचं म्हणशील तर

वरच्या वाक्यापुढच्या दोन ओळी मीच खोडल्या आहेत. उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करू नको. सूनबाईला, शिवानीला जप. तिला आठवा लागला ना? तुझी आई म्हणते, अशा दिवसांत त्या घरात फक्त चांगलं बोलणं जाऊ द्यायचं. मी तिचं ऐकून राहिलो.

दादाराव


पांढुर्णा, २० ऑगस्ट २०२४

सुमेध,

सप्रेम जय भीम. हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. पण कुठेतरी बोललं पाहिजे, नाहीतर माझी छाती फुटेल.

आईला कॅन्सर आहे. छातीतला होता, तो आम्हाला उशिरा कळला, आणि आता मणक्यात उतरला. कंबर नाही ती. नागपूरला तिला मशीनचा शेक देऊन राहिले, रविवार सोडला तर रोज. पांढुर्णा जिल्हा झाला, पाट्या बदलल्या, पण शेकाचं मशीन काही इकडे आलं नाही. डॉक्टर म्हणतात शेक पुरा झाला तर दुखणं आवरेल, कदाचित काही महिने मिळतील. तेवढ्यासाठी ही गाडी.

तुला सांगायला मी फोन हातात घेतला होता. तुझ्या आईने तो काढून घेतला. "पोरीचे दिवस भरेपर्यंत सुमेधले सांगसान, तं मी मशीनखाली जानार नाई. सांगून ठेवते." तुला माहीत आहे ती बोलते कमी आणि करते जास्त. रविवारी तू तिला फोन करतोस तेव्हा ती आधी दोन गोळ्या घेते, मग उशी टेकून हसत बोलते. फोन ठेवला की भिंतीकडे तोंड करते.

सकाळी निघतो. सीट झोपवली की तिचं डोकं मागच्या सीटवर माझ्या मांडीशी येते. मी हात तिच्या कपाळावर ठेवतो म्हणजे खड्डा आधी मला लागतो. तांब्या आता तिच्या चुळा भरायला असतो, बादली तिच्या बाजूला. दुपारी परत निघतो तेव्हा ती सावनेरपर्यंत झोपते. नितीन पोरगा चांगला आहे, ब्रेकर आला की आधी सांगतो, "मोठी आई, आलं बरं."

गाडी आली त्या दिवशी गल्लीतल्यांनी विचारलं, जामसांवलीला पूजेला नेली नाही का? मी म्हटलं, आमचं पूजन वेगळं असते. मागची काच धुऊन पुसली आणि निळ्या अक्षरांत 'जय भीम' लावलं, लांबून वाचता येईल असं ठळक. तुझी आई खाटेवरून पाहत होती. "सुमेधवरचा राग काचेवर काढून राहिले तुम्ही," म्हणाली. खरं होतं. ते लावताना मला तुझंच तोंड दिसत होतं.

दादाराव


नागपूर, १२ सप्टेंबर २०२४

सुमेध,

हेही पत्र टाकत नाही. दवाखान्याच्या बागेत बसून लिहितो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होती, नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारायचा आपल्या गावचा सण. आदल्या संध्याकाळीच मी गाडी गावाबाहेर पूजाच्या ओळखीच्यांकडे ठेवली, काच फुटू नये म्हणून. काच वाचली. नितीन मात्र "जरासं पाहून येतो" म्हणून नदीवर गेला. नदीपलीकडून आलेल्या दगडाला काय कळते, कोण मारायला आला आणि कोण पाहायला? भुवई फाटली, डोळा सुजून बंद झाला. मी त्याला इतकं बोललो की तो रडला. बाकीचे ड्रायव्हर दोन दिवस सणाच्या धुंदीत, आणि पूजाचा नवरा गावी नाही. गाडी दारात उभी आणि चालवणारा नाही. त्या वेळी मला तुझी आठवण आली. राग येऊन आली, पण आली.

शेक चुकला. नितीनचा डोळा उघडल्यावर गेलो तेव्हा डॉक्टरांनी मला शाळेतल्या पोरासारखं झापलं. शेक असा मधेच सोडता येत नाही, म्हणाले. रोजचा प्रवासही काकूंना झेपत नाही, इथेच जवळ खोली घ्या. मग आम्ही तिला गाडीत निजवूनच खोली शोधत फिरलो.

खोली मिळाली, तिसऱ्या ठिकाणी. कशी मिळाली ते लिहीत नाही. घरमालकीण बाई बरी आहे. तुझ्या आईसाठी वरण-भात पाठवते, तिच्या पायाला तेल लावून देते. रोज विचारते, "तुम्ही कोणत्या पाटलांपैकी हो?" मी सांगतो, पांढुर्ण्याकडच्या.

वर 'जय भीम' लिहायचं राहिलं. हात आखडला.

दादाराव


पांढुर्णा, २० ऑक्टोबर २०२४

सुमेध,

सप्रेम जय भीम. सोबत दोन जुनी पत्रं आहेत. आधी ती वाच, मग हे.

आई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळ्या नातेवाइकांसमोर तू मला विचारलंस, "बाबा, आई मरून राहिली होती, नि तुम्ही काचेवर नवं स्टिकर लावून राहिले होते?" नितीनने तुला तेवढंच सांगितलं होतं आणि तेवढं खरं होतं. आजार लपवला म्हणून तू आधीच जळत होतास, त्यात हे ऐकलंस. पोरीचा फोटो दाखवायला तू फोन काढला होतास, तो तसाच खिशात घालून निघून गेलास. तू आल्यापासून मी त्या फोटोची वाट पाहत होतो.

आता ऐक. मी उत्तर दिलं नाही, कारण पूर्ण उत्तर चारचौघांत द्यायची मला लाज वाटली.

खोली शोधायला फिरलो तेव्हा पहिल्या घरी सगळं ठरलं होतं. पंखा लावून दाखवला, पाण्याची वेळ सांगितली. मालक गाडी कुठे लावायची ते दाखवायला खाली उतरला. गाडीच्या मागे गेला, काच वाचली, आणि परत आला तो बदलूनच. "भाऊ, माझ्या सुनेच्या माहेरचे येणार आहेत, विसरलोच." दुसऱ्या घरची बाई गॅलरीतूनच म्हणाली, खोली कालच गेली. दारावर 'खोली भाड्याने देणे आहे'ची पाटी अजून लटकत होती. तुझी आई उन्हात सीटवर पडलेली, ओठ सुकलेले. मी तिसऱ्या गल्लीत गाडी थांबवली, टपरीवरून ब्लेड घेतलं, नितीनला चहाला पाठवलं. ते लवकर निघत नाही, सुमेध. अक्षराची कड सुटते पण डिंक राहतो. पेट्रोलचा बोळा घासला. बोट कापलं. पलीकडून एक माणूस पाहत होता, तर मी मान फिरवली, चोरी करून राहिल्यासारखी. मग तिसऱ्या घरी गेलो. आडनाव विचारलं, मी पाटील सांगितलं. तिगावला मी तुला म्हटलं होतं, "मग नाव पण खरडून टाक." तू नाव खरडलं नव्हतंस. मी ते पण खरडलं.

तू का खरडलंस, तिथे तुला कोण काय बोललं, हे त्या दिवशी मी विचारलंच नाही. काच पाहिली आणि भडकलो. ब्लेड हातात असताना मला ते पहिल्यांदा सुचलं.

त्या खोलीत तुझ्या आईने बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर बॅगेतून काढली नाही. बॅगेवर हात ठेवून झोपायची. मग पोरगी झाल्याचा तुझा फोन आला. तू फोन त्या लेकराच्या कानाशी धरला होतास. तुझी आई चादर डोक्यावरून घेऊन तिच्याशी बोलली. मला वाटलं लाजून राहिली. चादरीतून बाहेर आली तेव्हा तिचं तोंड रडून ओलं झालेलं.

"मले घरी चाला."

मी म्हटलं, शेक पुरा होऊ दे. थोडेच दिवस राहिले.

"नातीले पैला जय भीम मी चादरीत तोंड घालून केला. बाजूच्या खोलीत आयकू जाईन म्हनून. ज्या घरात मले माह्या नातीले जय भीम करता येत नाई, त्या घरात मी मरनार नाई. तुमचा शेक तुमच्यापाशी ठेवा."

मग घरी गेल्यावर सुमेधला सगळं सांगू, असं तीच म्हणाली. मी त्या घरमालकिणीला जाताना खरं आडनाव सांगितलं. ती वरण-भाताचा डबा धुवायला आत घेऊन गेली.

सावनेरला ती जागी झाली. मला वाटलं पाणी मागते. तिने नितीनला गाडी थांबवायला लावली, रेडियमचं दुकान होतं तिथे, नंबर प्लेटा आणि स्टिकरं करून देणारं. "काच अशी घेऊन गावात नका जाऊ. लोकं तुमाले हसतीन." मला हसतील, सुमेध. तिचा जीव चालला होता आणि तिला माझी पडली होती. मी म्हटलं, घरी गेल्यावर लावू. तिने मान हलवली, "आत्ता."

नितीन दुकानातून स्टिकर घेऊन आला, मग तांब्या भरायला हॉटेलकडे गेला. मी गाडीच्या मागे गेलो. जुना डिंक अजून चिकटलेला, तो आधी नखाने काढला. घाई करायला पाहिजे होती. पण मला वाटलं, आता तरी नीट लावावं, फुगे राहू नयेत. अंगठ्याने एक एक फुगा दाबत बाहेर काढला. सीट झोपलेली असल्यामुळे तिचं डोकं मागच्या सीटवर होतं, आणि काचेतून तिचा चेहरा उलटा दिसत होता, अगदी माझ्या हाताखाली. डोळे उघडे. माझ्याकडेच पाहत होती. मी काचेतून विचारलं, "सरळ हाय का?" ती पाहत राहिली. मला वाटलं, हाव म्हणते. मी आणखी एक फुगा काढला.

मग दार उघडून आत गेलो.

नितीन तांब्या भरून आला. तिथून पांढुर्ण्यापर्यंत तो काठोकाठ होता. पोराने इतकी हळू गाडी आणली की एक थेंब सांडला नाही.

हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, आई मरून राहिली होती आणि मी स्टिकर लावून राहिलो होतो. तिच्यासाठी लावत होतो असं मी लोकांना सांगू शकलो असतो. पण मग ते आधी निघालं कसं, हे पण सांगावं लागलं असतं.

पांढरी गाडी मी ठेवली आहे. गल्लीतल्या देवकाबाईंना पायाच्या ऑपरेशनला नागपूरला न्यायचं होतं, नितीन घेऊन गेला. पुंडलिकराव मास्तरही आता म्हणतात, जागेत हिच्यासारखी नाही. मी मागे बसतो तेव्हा पुढची सीट उभीच ठेवायला सांगतो. झोपलेली पाहवत नाही मला.

पुढच्या महिन्यात नातीला पाहायला पुण्याला यायचं म्हणतो. मी येणं तुला नको असेल तर पूजाला कळव, मी समजेन. आलास तर स्टेशनवर तुझीच गाडी घेऊन ये. तिच्या काचेवर काय आहे आणि काय नाही, मी मागे जाऊन पाहणार नाही. तांब्या आणणार नाही, अ‍ॅव्हरेज विचारणार नाही. तुझी आई पहिल्या दिवसापासून सांगत होती की चौघींत तुझीच गाडी बरी, पाय लांब करता येतात. मी तीनच पाहिल्या. तुझ्या गाडीत ती बसली होती, मी नाही.

मला बसू देशील का?

तुझा बाप,
दादाराव